म्हसोबाचं खातं

आमच्या साहेबांचा स्वतःच्या बायकोवरसुद्धा विश्वास नाही, असं शिरूरच्या बाजारात लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं. बायकोवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. फक्त समोर उभी आहे ती आपलीच बायको, याला त्यांना कागद लागायचा.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्या खातेदारांचे फोटो आणि पत्त्याचे पुरावे नव्याने घ्या, असा हुकूम आला होता. वहिनींचं खातं आमच्याच शाखेत. त्या दौंडहून एसटीनं आल्या, फॉर्म भरला, रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली, पण फोटो घरीच राहिला. साहेबांनी फॉर्म परत सरकवला.

"अहो, मी समोर आहे ना!" वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही समोर आहात, फाइलीत नाही."

वहिनी तशाच माघारी गेल्या. पुढच्या आठवड्यात फोटो घेऊन आल्या. मधले आठ दिवस त्या घरात एक शब्द बोलल्या नाहीत, हे मला साहेबांनीच सांगितलं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस किती पडला ते सांगावं, तसं सांगितलं.

मी तेव्हा त्या शाखेत कारकून होते. बँक सहकारी, लहानशी. माणसं पाच आणि संगणक एक, तोही प्लॅस्टिकच्या कव्हरात. साहेब शाखाप्रमुख. रोज दौंडहून यायचे, रोज जायचे. त्यांचे वडील रेल्वेत तिकीट तपासनीस होते. त्यामुळे घरात लहानपणापासून माणसांचे दोनच प्रकार, तिकीट असलेली आणि तिकीट नसलेली. तिसरा प्रकार साहेबांना आयुष्यभर भेटला नाही.

उंच, वाळका माणूस. चष्मा नेहमी कपाळावर. माणसाकडे बघायचं तर चष्मा वर, कागदाकडे बघायचं तर खाली. खिशात दोन पेनं आणि ड्रॉवरमध्ये दोनशे पानी वही. त्या वहीला आम्ही सगळे भ्यायचो. कोण किती वाजता आलं, कोणाला भेटायला कोण आलं, कोण काय म्हणालं, सगळं वेळेसकट त्यात. एका दिवाळीला एका ठेकेदारानं पेढ्यांचा बॉक्स पाठवला. साहेबांनी तो पत्रासकट परत केला. पत्र मीच आवक-जावकमध्ये चढवलं. "सदर पेढे कोणत्या कारणास्तव पाठविले याचा खुलासा न झाल्याने परत करीत आहोत." ठेकेदार चिडून आला, म्हणाला, दिवाळी आहे म्हणून पाठवले. साहेब म्हणाले, "दिवाळी दरवर्षी असते. पेढे यंदाच आले."

माझ्यावर त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय होता. मी सही करताना हात हलतो, असं त्यांचं म्हणणं. "बाई, तुमच्या दोन सह्या एकसारख्या येत नाहीत. तुम्ही दोघी आहात का?" मी हसले. ते हसले नाहीत.

आमचाही त्यांच्यावर संशय होता, हे सांगायला हवं. तो नवा हुकूम आला त्या साली साहेबांनी साडेपाचची दौंड गाडी मुद्दाम चुकवायला सुरुवात केली. बँक सुटली की ते स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचे. आमचे कॅशियर काळेकाका काउंटर पुसता पुसता म्हणायचे, "ह्या वयात हे नाद! पडद्यामागं बसून काय बघत असतील?"

मला काळेकाकांपेक्षा जास्त काळजी होती. तो कॅफे माझ्या मावसभावाचा होता.

दिलीप तळेगाव ढमढेऱ्याचा. बोलायला गोड, डोकं तल्लख. आधी मोबाइलची दुकानदारी, मग चार संगणक टाकून कॅफे. एकदा मला म्हणाला, "ताई, आता नोटांचं दिवस संपलं. इंटरनेटवर नवं पैसं आल्यात. हिकडं रुपये भरायचे, तिकडं युनिट जमा. जगात कुणालाबी धाडा."

"आणि खातं कोणाच्या नावावर?"

"नावच न्हाई ताई. निस्ता नंबर. तीच तर गंमत हाय."

मला त्यात गंमत दिसली नाही, पण मी पुढं काही विचारलंही नाही. त्याआधी काही महिने दिलीप निमोण्याकडची तेरा माणसं आमच्या शाखेत घेऊन आला होता, खाती उघडायला. तेव्हाच्या फॉर्मवर ओळख देणाऱ्याची सही लागायची. दिलीप म्हणाला, "ताई, कर की, आपलीच माणसं हायती." मी तेरा सह्या केल्या. मी दिलीपला ओळखत होते. त्या तेरांतल्या एकालाही ओळखत नव्हते.

त्यांतला एकच पुढं ओळखीचा झाला. त्यांना सगळे आबा म्हणायचे. चार पिढ्या मेंढरांमागं फिरल्या आणि आबांनी शेती धरली. त्यातली निम्मी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, तिचा मोबदला आला. आबा म्हातारपणी साक्षरता वर्गात सही शिकले होते. सही करताना जीभ दातांत धरायचे आणि झाली की कागद हातभर लांब धरून बघत राहायचे. अंगठ्याच्या खात्याला चेकबुक मिळत नाही, सहीच्या खात्याला मिळतं. आबांनी हौसेनं चेकबुक घेतलं.

एके दिवशी काउंटरवर वाकून त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, दिलीप म्हनतुया, पैसं कंपुटरात ठिवलं म्हंजी वाढत्यात. मी कोऱ्या चेकांवर सह्या करून दिल्यात त्याला. बराबर हाय न्हवं?"

"दिलीप माझा भाऊ आहे, आबा," मी म्हणाले.

"मंग झालं की," आबा म्हणाले आणि निघून गेले.

मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. त्यांना ते उत्तर वाटलं.

इकडे साहेबांचं कॅफेत जाणं चालूच होतं. दिलीप खुशीत मला म्हणाला, "ताई, तुझा साहेब आपल्या लायनीत येतुया. सगळं शिकून घेतुया माझ्याकनं. वहीत लिवून घेतुया." ते ऐकून मला साहेबांचाच संशय आला. एवढा कागद-कागद करणारा माणूस बिननावाच्या पैशाच्या मागं का लागावा? पेढे परत करणारा माणूस मोठ्या घासाची वाट बघत असतो, असं काळेकाका म्हणायचे. मला ते पटायला लागलं.

मग एका सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, दार लावा. हे वाचा."

कॅफेतून छापून आणलेला कागद होता. इंग्रजीत. वर अभिनंदन केलेलं, खाली खात्याचा नंबर. नाव : म्हसोबा. पत्ता : बांधावर, निमोणे.

"हे काय साहेब?"

"मी उघडलं. काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. चार मिनिटं लागली." एवढं हादरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "म्हसोबाला खातं दिलं त्यांनी, बाई! फोटो नाही, रेशनकार्ड नाही, ओळख देणारा नाही. आता उद्या या खात्यात कोटभर रुपये आले आणि परवा निघून गेले, तर ते कोणाचे?"

"म्हसोबाचे," मी म्हणाले.

"बरोबर. आणि म्हसोबावर समन्स कोण बजावणार?"

त्यांनी तो कागद फाइलीला लावला. फाइलीवर खातेदाराचं नाव घातलं आणि खाली लिहिलं, "पुरावे : प्रलंबित." मग पत्रांचा सपाटा सुरू केला. पुण्याच्या मुख्य कचेरीला, मुंबईला, दिल्लीला. इंटरनेटवरच्या निनावी चलनाला बँकेसारखेच ओळखीचे नियम लावा, ते विकणाऱ्याला परवाना लावा, नाहीतर आम्ही इथे म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोटो घेत बसू आणि चोर पलीकडच्या दारानं जातील. सगळी पत्रं मी टाइप केली. एकातलं वाक्य अजून लक्षात आहे. "ज्या खात्याला म्हसोबा चालतो, त्या खात्याला कोणीही चालेल."

मुंबईहून, दिल्लीहून काही आलं नाही. पुण्याहून दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या शाखेत संगणक एकच असल्याने सदर विषयाची चिंता आपण करू नये. साहेबांनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "सही कोणाची आहे ते कळत नाही. नाव टाकलेलं नाही. बघा, यांनाही सवय लागली."

त्यानंतर साहेब आमच्याच खात्यांकडे वळले. दिलीपनं आणलेल्या तेरा खात्यांत रोज रोख भरली जात होती, आणि प्रत्येक भरणा पन्नास हजारांच्या थोडासा आत. पन्नासच्या वर गेलं की जास्त कागद लागतात, हे भरणाऱ्याला ठाऊक होतं. आठवड्यानं ती रक्कम एकाच पुणेकर पार्टीच्या नावे जायची आणि तिथून पुढे बिननावाच्या युनिटांत विरघळायची. शेळ्या-मेंढ्या राखलेली, ऊस लावणारी माणसं रोजच्या रोज एवढी रोख कुठून आणतील? पैसा दुसऱ्याचा होता. वसाहतीतल्या ठेकेदारांचा असेल, आणखी कोणाचा असेल. नावं फक्त आमच्या माणसांची. आणि त्या घाणीत आबांसारख्यांचा स्वतःचा मोबदलाही मिसळलेला.

साहेबांनी मला त्या तेरा खात्यांचे उतारे काढायला लावले. प्रत्येक फॉर्म टेबलावर पसरला. तेराही फॉर्मांवर तीच सही.

"ही तुमची?"

"हो."

"ही माणसं तुमच्या ओळखीची?"

"माझा मावसभाऊ..."

"मी माणसांबद्दल विचारलं."

त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला रडू आलं. राग जास्त आला होता. मग म्हणाले, "मी उद्या पुण्याला जातोय. या खात्यांतून पैसे काढायला बंदी घालायची परवानगी आणतो. ही गोष्ट या खोलीबाहेर जायची नाही. घरीसुद्धा नाही. तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण उतारे तुम्हीच काढलेत, तुम्हाला कळलंच आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब पुण्याला गेले. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. मावशीचा चेहरा डोळ्यांपुढं येत होता. मी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून दिलीपला फोन केला.

"दिल्या, काय करून ठेवलंयस हे? साहेब पुण्याला गेलेत. आज संध्याकाळपर्यंत सगळी खाती बंद होतील. लोकांचे पैसे आधी परत कर."

"बरं केलंस ताई सांगितलंस," तो म्हणाला. "करतो परत."

सव्वादोनला तो काउंटरवर उभा होता. हातात चेकांचा गठ्ठा, तेरा खात्यांचे, सगळ्यांवर सह्या. माझ्याकडे न बघता त्यानं गठ्ठा आत सरकवला. सगळे चेक नियमात होते. बंदीचा कागद आलेला नव्हता. मी काय म्हणून थांबवणार होते? थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं तर फोनही सांगावा लागला असता. मी चेक माझ्या हातानं नोंदवले. तिसरा आबांचा होता. ती सही मी कुठंही ओळखली असती. काळेकाकांनी रक्कम मोजून दिली. दिलीपनं लोकांचे पैसे परत केले नाहीत. त्याच दुपारी पुण्याला जाऊन त्यानं सगळ्याची युनिटं करून टाकली, हे पुढं तपासात कळलं.

साहेब पाच वाजता परवानगीचा कागद घेऊन आले. खाती पाहिली. रिकामी.

"तुम्ही कोणाशी बोललात?"

"नाही साहेब."

त्यांनी वही काढली, घड्याळ बघितलं आणि काहीतरी लिहिलं. त्यानंतर मला एकही प्रश्न विचारला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. दिलीप युनिटं ठेवायचा ती परदेशी साइट काही महिन्यांनी उघडेनाशी झाली. दिलीपही बेपत्ता झाला, मग सापडला, जामिनावर सुटला. पोलिस निमोण्याला गेले ते ज्यांच्या नावावर खाती होती त्यांच्याकडं. आबांना दोनदा चौकीत बसवलं. ज्या सहीचा त्यांना एवढा अभिमान होता, ती समोर धरून विचारलं, ही तुझीच ना? आबा म्हणाले, "व्हय, माझीच."

साहेबांनी वर अहवाल पाठवला होता, तो आमच्या एका संचालकाला झोंबला. त्याच्या मेव्हण्याचं नाव त्यात होतं. साहेबांची बदली दौंडच्या शाखेत झाली. घराजवळ आणलं म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं. तिथं त्यांना टेबल नव्हतं, काम नव्हतं. निवृत्त होईपर्यंत ते खिडकीशी एका स्टुलावर बसले.

माझी चौकशी पुण्याला झाली. तेरा सह्या माझ्या, भाऊ माझा, चेक नोंदवलेले माझ्या हातानं. चौकशी अधिकाऱ्यानं सरळ विचारलं, तुमचा हिस्सा किती? मी नोकरी गेली असंच धरून बसले होते. मग त्यांनी साहेबांचा अहवाल उघडला आणि माझ्याबद्दलचा भाग मोठ्यानं वाचला.

"सदर कर्मचाऱ्याने ओळख नसताना ओळख दिली. गोपनीय बाब आरोपीस कळविल्याचा दाट संशय. विचारले असता नकार दिला, उत्तर देताना नजर खाली." पुढं होतं, "सदर कर्मचाऱ्याचे, तिच्या पतीचे व सासूचे खाते मी सहा महिने रोज तपासले आहे. घरात नवीन वस्तू आलेली नाही. कानातले तेच आहेत. एक रुपयाही घेतलेला नाही, याची मला खात्री आहे."

त्या माणसानं सहा महिने माझ्या कानांकडं बघितलं होतं. आणि माझी नोकरी त्यामुळं वाचली. दोन इन्क्रिमेंट गेली, एवढंच.

साहेब निवृत्त झाल्यावर वर्षभरानं मी दौंडला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं. साहेब आत रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकाला पुठ्ठा घालत बसले होते.

"आभार मानायला आले," मी म्हणाले.

"कशाबद्दल? मी तुमच्याविरुद्ध लिहिलं होतं."

"बाजूनंही लिहिलं होतं."

"बाजूनं नव्हे. जे होतं ते." त्यांनी चष्मा वर केला. मला वाटलं ते विचारतील. त्यांनी विचारलं नाही. म्हणून मीच बोलले.

"मी फोन केला होता, साहेब."

"किती वाजता?"

"जेवणाच्या सुट्टीत. सव्वाएक झाला असेल."

त्यांनी पुठ्ठा बाजूला ठेवला. "तुम्ही आदल्या संध्याकाळीच केला असं मी धरलं होतं," ते म्हणाले. "सव्वाएक. मला तोंडी परवानगी बारा वाजताच मिळाली होती. शाखेत फोन करून खाती थांबवता आली असती."

"मग का नाही केला?"

"फोन तुम्ही उचलता."

बाहेर मालगाडी जात होती. डबे संपता संपेनात.

"हे मला सांगून काय उपयोग, बाई?" ते म्हणाले. "मला माहीत होतं. ज्याला माहीत नाही, त्याला सांगा. मी माझ्या वाट्याचं मागच्या महिन्यात निमोण्याला जाऊन सांगून आलो."

मी चहा न घेताच उठले. शिरूरची एसटी धरली, न्हावऱ्याला उतरले आणि तिथून जीपनं निमोणे गाठलं. आबा गोठ्यापुढं बाजेवर बसले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. मी कोण ते सांगितलं, त्यांना आठवलं. मग मी फोनचं सांगितलं, सव्वादोनचं सांगितलं, तिसऱ्या चेकचं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. बसायचा धीर झाला नाही.

आबांनी मधे एकदाही अडवलं नाही. झाल्यावर विचारलं, "मंग माजं पैसं आता हायती कुणाकडं?"

"कुणाकडं तरी असतील. कळत नाही, आबा. त्या खात्यांना नावच नसतं."

"मानसाचं न्हाई, गावाचंबी न्हाई?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. "नावच न्हाई," ते म्हणाले, "तर मंग शिव्या तरी कुनाला घालायच्या?"

"मला घाला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं चांगल्या डोळ्यानं नीट बघितलं आणि एक घातली. आईवरनं, सणसणीत, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी. मग घराकडं तोंड करून सुनेला हाक मारली, "अगं, पाव्हनीला पानी आन."